माधवराव सप्रे : शरणागती आणि कर्मयोग

हिंदी गद्याच्या व हिंदी वृत्तपत्रसृष्टीच्या जडणघडणीत ज्या मराठीभाषकांचा वाटा निर्विवाद मानला जातो, त्यांत पंडित माधवराव सप्रे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. बाबूराव विष्णु पराडकर, लक्ष्मण नारायण गर्दे ही नावे त्यांच्या नंतरची. गजानन माधव मुक्तिबोध तर आणखी पुढच्या पिढीचे. घरी मराठी व लेखणीत हिंदी अशा द्विभाषिक जीवनाचा जो प्रवाह मध्य भारतात वाहत राहिला, त्याच्या उगमाजवळ सप्रे उभे आहेत. तथापि हिंदी साहित्याच्या इतिहासकारांनी त्यांच्या कार्याची जितकी नोंद घेतली, तितकी त्यांच्या जीवनातील एका अत्यंत अवघड कालखंडाची घेतली नाही. सन १९०८ च्या अखेरीस, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, या पुरुषापुढे जीवनाची एकही वाट सरळ उरलेली नव्हती. त्या अंधारातून ते ज्या श्रद्धेच्या बळावर बाहेर पडले, तिचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज त्यांच्या उत्तरायुष्यातील वाङ्मयाचा अर्थ लागत नाही.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी तत्कालीन मध्य प्रांतातील दमोह जिल्ह्यात पथरिया या गावी झाला. घराणे मूळचे कोकणातले. उपजीविकेच्या शोधात उत्तरेकडे आलेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी एक. वडिलांचे नाव कोंडोपंत, आईचे लक्ष्मीबाई. प्रारंभीचे शिक्षण बिलासपुरास व पुढचे रायपुरास झाले. रायपुरात नंदलाल दुबे या शिक्षकांच्या सहवासात त्यांना हिंदीची गोडी लागली आणि ती जन्मभर टिकली. महाविद्यालयीन शिक्षण मात्र अखंड झाले नाही. जबलपूरचे रॉबर्टसन कॉलेज, पुढे ग्वाल्हेर, असे थांबे घेत, मध्येच ठेकेदारीच्या धंद्यात पडून व त्यात हानी सोसून, अखेरीस त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. ही पदवी संपादन केली. त्या काळी मध्य प्रांतात अशा पदवीधरास सरकारी अधिकाराची जागा सहज मिळत असे. सप्रे यांनी ती वाट नाकारली आणि पेंड्रा येथील राजकुमाराच्या शिक्षकाची सामान्य नोकरी पत्करली.

या आडवळणाच्या संस्थानी गावातूनच जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. सप्रे यांच्यासमवेत संपादक म्हणून रामराव चिंचोलकर होते, प्रकाशक वामन बळीराम लाखे होते. तिन्ही नावे मराठी आणि पत्र हिंदी, ही गोष्ट भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. ग्रंथसमीक्षेची शिस्तबद्ध प्रथा हिंदीत रुजविण्याचे श्रेय या मासिकाला दिले जाते. सन १९०१ मध्ये त्यात प्रसिद्ध झालेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही सप्रे यांची छोटी कथा हिंदीतील पहिल्या कथेच्या चर्चेत आजही आवर्जून उल्लेखिली जाते. तीन वर्षांनी आर्थिक ओढाताणीमुळे मासिक बंद पडले.

यानंतर सप्रे नागपुरास आले. तेथे त्यांनी ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली. स्वदेशी व बहिष्काराच्या चळवळीवरील त्यांचे पुस्तक १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढे सरकारी बंदीस पात्र ठरले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी ते पूर्णपणे भारले गेले होते. एप्रिल १९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. पुण्याच्या ‘केसरी’तील लेख हिंदी वाचकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा मुख्य हेतू. मराठीतील राजकीय गद्याचा तिखटपणा हिंदीत उतरविण्यासाठी जी भाषा लागते, ती सप्रे यांना या दीड वर्षात स्वतः घडवावी लागली.

सन १९०८ हे वर्ष या मंडळींच्या कसोटीचे ठरले. २४ जून रोजी टिळकांना अटक झाली. २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये नागपुरात सप्रे यांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. टिळकांनी न्यायालयात माघार घेतली नव्हती. त्यांच्या अनुयायाकडूनही लोकांची तीच अपेक्षा होती. परंतु कुटुंबाचा, विशेषतः वडील बंधू बाबूराव यांचा दबाव इतका वाढला की नोव्हेंबर १९०८ मध्ये सप्रे यांनी सरकारकडे क्षमापत्र लिहून दिले व त्यांची सुटका झाली.

या घटनेचे समर्थन करण्याची गरज नाही, तशी तिच्यावर कठोर निवाडा देण्याचीही नाही. लक्षात घ्यावयाचे ते तिचे परिणाम. ‘हिंदी केसरी’ त्यांच्या हातून गेला. ज्या वाचकांना त्यांनी निर्भयतेचा धडा दिला होता, त्यांच्यासमोर उभे राहण्याचा अधिकार आपण गमावला, असे त्यांना वाटू लागले. सरकारी चाकरी त्यांनी पूर्वीच नाकारली होती आणि आता ती पत्करणे म्हणजे क्षमापत्रावर शिक्कामोर्तब करणे झाले असते. राजकारणात परतावे तर शब्दाला वजन राहिले नव्हते. साहित्यात रमावे तर ज्या साहित्याचा प्राणच लोकजागृती होता, ते कोणत्या तोंडाने लिहावे, हा प्रश्न होता. आपल्या पुढील आयुष्याचे प्रयोजन काय, याचे उत्तर त्यांच्या बुद्धीजवळ नव्हते.

अशा वेळी माणसे सामान्यतः दोन मार्गांनी जातात. काही आपल्या कृतीचे स्पष्टीकरण देत बसतात, काही सर्वसंगपरित्याग करून दृष्टीआड होतात. सप्रे यांनी पहिला मार्ग कधीच चोखाळला नाही. दुसऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत मात्र ते गेले. वर्धेजवळील हनुमानगढ येथे श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषांचा आश्रय त्यांनी घेतला. काही काळ मधुकरी मागून राहावे, एकांत सेवावा, ‘दासबोधा’चे पुनःपुन्हा पारायण करावे, असा त्यांचा क्रम होता. एका बी. ए. झालेल्या, पत्राचे संपादकपद भूषविलेल्या गृहस्थाने दारोदार झोळी घेऊन जाणे, यात प्रायश्चित्ताची भावना होती हे उघड आहे. परंतु भिक्षा ही केवळ देहदंडासाठी नसते. उद्याची तरतूद आपल्या हाती नाही, ती देणारा दुसरा आहे, हे रोज नव्याने मान्य करणे तिच्यात अभिप्रेत असते. ज्याचे सगळे बेत मोडून पडले आहेत, त्याच्या दृष्टीने हा मोठा अभ्यास होता.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. शरणागतीसाठी सप्रे यांनी समर्थ रामदासांचाच आधार का घेतला? वारकरी संतांची कोमल भक्तीही त्यांना अपरिचित नसणार. याचे उत्तर ‘दासबोधा’च्या रचनेत सापडते. वीस दशक व दोनशे समासांच्या या ग्रंथात देवावरील निष्ठा आणि यत्न यांना एकमेकांविरुद्ध उभे केलेले नाही. कर्तेपण रामाकडे सोपवावे आणि हात मात्र कामातून काढू नयेत, ही त्याची शिकवण. फळाची चिंता सोडलेला मनुष्य अधिक सावध, अधिक उद्योगी व्हावा, अशी समर्थांची अपेक्षा आहे. दैवावर हवाला ठेवून बसणे आणि ईश्वरी इच्छेवर विसंबून चालणे यांतील भेद ज्या स्पष्टतेने या ग्रंथात आला आहे, तितक्या स्पष्टतेने तो फार थोड्या ठिकाणी आढळतो. सप्रे यांना सांत्वन हवे होतेच, पण त्याहून अधिक हवी होती ती पुन्हा उभे राहण्याची अनुज्ञा. ती त्यांना येथे मिळाली.

या अभ्यासातूनच हिंदी ‘दासबोध’ निर्माण झाला. ओवीतील मजकूर हिंदी गद्यात आणताना समर्थांची रोखठोक, प्रसंगी खडबडीत वाक्यरचना सौम्य करण्याचा मोह अनुवादकाला होणे साहजिक होते. सप्रे यांनी अर्थाच्या स्पष्टतेला प्राधान्य दिले. स्वतःच्या नावाने राजकीय लेखन थांबले असता त्यांनी ‘माधवदास रामदासी’ या नावाने लेख लिहिले, हेही सूचक आहे. जुने नाव मागे ठेवून सेवकाचे नाव घेणे, हा त्यांच्या दृष्टीने शरणागतीचाच एक भाग असावा. रायपुरात मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी महिला पाठशाळा उभारण्याचे कामही याच कालखंडातले. पुढची पूर्ण वाट दिसत नसतानाही, समोर आलेले एक काम मनापासून करावयाचे, हा क्रम आता स्थिर झाला होता.

याच सुमारास मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी १९१०–११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून काढले. सुटकेनंतर जून १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचा हिंदी अनुवाद सप्रे यांनी केला. या घटनेतील अर्थ सूक्ष्म आहे. ज्यांनी क्षमा मागितली नाही त्यांनी बंदिवासात रचलेला ग्रंथ, ज्यांनी क्षमा मागितली त्यांच्या लेखणीने हिंदी प्रदेशात पोहोचावा, असा हा योग. ज्ञानमूलक, भक्तिप्रधान, निष्काम कर्मयोग हा गीतेचा अभिप्राय आहे, हा टिळकांचा सिद्धांत. रामदासांच्या अनुशीलनातून सप्रे ज्या निष्कर्षाला आधीच पोहोचले होते, त्याचेच शास्त्रीय विवेचन त्यांना या ग्रंथात दिसले असले पाहिजे. म्हणूनच हा अनुवाद परकेपणाने केलेला वाटत नाही. पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा ‘महाभारत मीमांसा’ हा अनुवादही त्यांनी सिद्ध केला. या तीन अनुवादांनी मराठीतील विचारधनाचा फार मोठा भाग हिंदीच्या स्वाधीन केला.

सप्रे यांच्या उत्तरायुष्याचा कळस जबलपुरात पाहावयास मिळतो. तरुणपणी जेथे शिक्षण अपुरे राहिले, त्याच नगरात १९१६ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे सातवे अधिवेशन भरले, आणि देशी भाषांतून उच्च शिक्षण द्यावे या मताचा त्यांनी तेथे आग्रह धरला. त्यानंतर १७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. त्यामागील प्रेरणा सप्रे यांची, परंतु संपादकपदी मात्र त्यांनी माखनलाल चतुर्वेदी यांना बसविले. चतुर्वेदी त्या वेळी तिशीतले होते. पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली ते तुरुंगात गेले, आणि हिंदी कवितेत व पत्रकारितेत त्यांचे स्थान कायमचे झाले. साप्ताहिक नंतर खांडव्यास हलले.

या निर्णयाकडे केवळ संकोच म्हणून पाहता येणार नाही. क्षमापत्राची आठवण सप्रे यांना पुढे येऊ देत नसेल, हे खरे. परंतु समर्थांनी महंताची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत आपल्यासारखे दुसरे घडवावेत, त्यांना कामाला लावावे आणि आपण मागे राहावे, हे एक मुख्य लक्षण आहे. सन १९०७ मध्ये ‘हिंदी केसरी’चा संपादक स्वतः पुढे उभा होता. १९२० मध्ये तोच पुरुष दुसऱ्याच्या मागे उभा राहिला, आणि कार्य पहिल्यापेक्षा अधिक टिकले. मधल्या बारा वर्षांत त्यांच्या अंतरंगात जो पालट घडला, त्याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

सन १९२४ मध्ये डेहराडून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मातृभाषा मराठी असलेल्या लेखकाला हिंदी जगताने दिलेला हा मान होता. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ १९८४ मध्ये भोपाळ येथे वृत्तपत्रांचे संग्रहालय स्थापन झाले.

सप्रे यांच्या चरित्राचा विचार करताना ईश्वरेच्छेवरील विश्वास म्हणजे भविष्याची आगाऊ खात्री, असा अर्थ घेतला तर ते चरित्र निष्फळ वाटेल. १९०८ नंतर त्यांना कोणताही साक्षात्कार झाल्याची नोंद नाही, गेलेली प्रतिष्ठा लागलीच परत मिळाल्याचेही दिसत नाही. त्यांना मिळाले ते एकेक काम : प्रथम एक ग्रंथ, मग एक पाठशाळा, मग दुसरा ग्रंथ, शेवटी एक पत्र, तेही दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी. त्यांच्या दृष्टीने रामाची इच्छा ही चालता चालता उलगडत जाणारी गोष्ट होती. मराठी संतवाङ्मयाचा हिंदी गद्यावर झालेला परिणाम तपासणाऱ्या अभ्यासकाने शब्दांची व रूपांची देवघेव नोंदवावीच; पण एका खचलेल्या हिंदी लेखकाला मराठीतील एका ग्रंथाने पुन्हा लिहिते केले, हा परिणामही त्या नोंदीत यावयास हवा.