औषध घेणारे विनोबा आणि औषध नाकारणारे विनोबा

हिंगोली (प्रतिनिधी) : १५ नोव्हेंबर ही आचार्य विनोबा भावे यांची पुण्यतिथी. भूदानवाले विनोबा म्हणून शाळेच्या पुस्तकातून त्यांचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचा शेवटचा आठवडा कसा गेला, हे फारसं कुणी सांगत नाही. १९८२ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही थांबवलं आणि आठवडाभरात देह ठेवला. ते बरोबर की चूक, यावर आजही दोन मतं आहेत. आपल्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की हाच प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो. म्हणून आज विनोबांचं आयुष्य या बाजूनं बघू.

आईची शिकवण

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. गाव गागोदे, तालुका पेण. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, आता रायगड आहे. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्याला होते, त्यामुळे शिक्षण तिकडेच झालं. आई रुक्मिणीबाई फार भाविक. शेजारी अडचण असली, की ही माउली आधी आपल्या घरचा स्वयंपाक उरकायची आणि मग शेजाऱ्याकडं जाऊन त्याचा करायची. आपलं आधी का, असं पोरानं विचारल्यावर तिनं सांगितलं, की आधी त्याचा केला तर त्याला थंड अन्न खावं लागेल. दुसऱ्याची सेवा करायची तर त्याच्या सोयीनं करायची, ही शिकवण पोराच्या मनात तिथंच बसली.

पोरगं हुशार, गणितात तर फारच. पण नोकरीसाठी शिकायचं नाही हे मनात पक्कं. शाळा-कॉलेजचे दाखले त्यांनी आईसमोर चुलीत घातले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, ते मधेच सुरतला उतरून काशीला गेले. तिथं गांधीजींच्या भाषणाची बातमी वाचली, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ ला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. पुढचं सगळं आयुष्य त्याच वाटेनं गेलं.

१९१८ ला देशात इन्फ्लुएंझाची साथ आली. त्या साथीत आई गेली. विनोबा २३ वर्षांचे होते. शेवटच्या दिवसांत ते आईजवळ होते. पण अंत्यविधी भटजीकडून करायला त्यांचा विरोध होता. घरच्यांनी ते ऐकलं नाही. मग ते स्मशानात गेले नाहीत, घरी गीता वाचत बसले. मरणाच्या वेळी काय करायचं आणि काय नाही, याचा विचार त्यांच्या डोक्यात इतका जुना होता.

धुळ्याच्या तुरुंगात मरणावर प्रवचन

१९२१ ला विनोबा वर्ध्याला आले. सूतकताई, शेतीकाम, भंगीकाम, शिकवणं, सगळं स्वतःच्या हातानं. आईला संस्कृत गीता कळत नव्हती म्हणून तिच्यासाठी मराठी ओव्यांसारखी सोपी गीताई रचली. १९३२ ला ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथं दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते, त्यांनी ती लिहून घेतली. तेच आज घराघरात असलेलं गीता प्रवचने हे पुस्तक.

त्यातलं आठव्या अध्यायावरचं प्रवचन सगळं मरणावरच आहे. माणूस आयुष्यभर मरणाचा विषय टाळतो आणि ते आलं की गडबडून जातो. म्हणून शेवटच्या घडीची तयारी रोजच्या जगण्यातच करावी, असा त्याचा सार. हे बोलताना विनोबा ३६ वर्षांचे होते. स्वतःवर वेळ आली त्याच्या पन्नास वर्षं आधी त्यांनी हा विषय मांडून ठेवला होता.

अंगाकडं दुर्लक्ष नव्हतं

काहींना वाटेल, असा माणूस शरीराला किंमतच देत नसेल. तसं नव्हतं. १९३८ ला त्यांची तब्येत फार उतरली, वजन ८८ पौंडांवर म्हणजे चाळीस किलोवर आलं. गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी जायला सांगितलं. विनोबांनी वर्ध्याजवळचं पवनार निवडलं. धाम नदीच्या पलीकडं जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहिले, डोक्यातला सगळा भार सोडला आणि रोज थोडं थोडं खोदकाम करू लागले. तब्येत सुधारली. पोटाचा जुना आजार असल्यानं दही, दूध, मध असं हलकं अन्न ते मोजून मापून, थोड्या थोड्या वेळानं घ्यायचे.

१९४० ला गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिलं नाव विनोबांचं निवडलं, दुसरं नेहरूंचं. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं. तेरा वर्षं ते देशभर पायी फिरले. चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन लोकांनी लिहून दिली. त्यातली बरीच पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही खरं. आणीबाणीच्या काळात त्यांच्या भूमिकेवर टीकाही पुष्कळ झाली. पण हा माणूस कधी स्वतःसाठी जगला नाही, हे टीका करणारेही मान्य करतात.

चांडीलचा ताप

आता मुद्द्याची गोष्ट. डिसेंबर १९५२. पदयात्रा बिहारमध्ये होती. चांडील इथं विनोबांना मलेरियाचा जबर ताप भरला. हे गाव आता झारखंडात आहे. सुरुवातीला त्यांनी औषध नाकारलं. ताप उतरेना, अंगात त्राण राहिलं नाही. देशभर काळजी पसरली. दिल्लीपासून बिहारपर्यंतच्या नेत्यांनी आणि सोबतच्या कार्यकर्त्यांनी विनवण्या केल्या. शेवटी विनोबांनी औषध घेतलं आणि बरे झाले. त्यानंतर बारा वर्षं चालले.

तेव्हा वय ५७. आजार बरा होणारा, औषध साधं, गोळ्यांचं. पुढं कामाचा डोंगर. लोकांचं म्हणणं त्यांनी मानलं.

पवनारचा शेवटचा आठवडा

१९८२ चा नोव्हेंबर. विनोबा ८७ वर्षांचे. कितीतरी वर्षं पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरातच राहत होते, बाहेरचं काम सोडलेलं होतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी उपचार सुरू केले. ८ नोव्हेंबरला त्यांनी अन्न, पाणी, औषध थांबवलं. पूर्ण शुद्धीत, सगळ्यांना कळेल असं. डॉक्टर आणि जवळची माणसं समजावत राहिली, पण यावेळी ते बदलले नाहीत. आश्रमातल्या भगिनींनी त्यांची इच्छा पाळली. दिवाळीचे दिवस होते. १५ नोव्हेंबरला सकाळी ते गेले. धाम नदीच्या काठी अंत्यसंस्कार झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

काहींनी याला जैन धर्मातल्या सल्लेखनेसारखं मानलं. आपल्या मराठी माणसाला लगेच ज्ञानेश्वर माउलींची समाधी आठवते. आळंदीच्या त्या प्रसंगाचं वर्णन करणारे अभंग नामदेव महाराजांचे, म्हणजे परंपरेनं आपल्या नर्सीच्या सुपुत्राचे. आपण होऊन देह ठेवणं हा विचार आपल्या मातीला नवा नाही.

कॅथलिक धर्मात काय सांगितलंय

पण याला दुसरी बाजूही आहे. विनोबांनी बायबलचा खोल अभ्यास करून ख्रिस्तधर्माचं सार काढलं होतं, जसं कुराणाचं काढलं. त्याच ख्रिस्ती धर्मातल्या कॅथलिक पंथानं आजारपण आणि शेवटचे दिवस यावर शेकडो वर्षं बारकाईनं विचार केलाय. मराठी कॅथलिक म्हटलं की आपल्याला वसई आठवते, पण मराठवाड्यातही ही मंडळी आहेत. १९७७ पासून त्यांचा औरंगाबाद धर्मप्रांत आहे. त्यांचा नियम समजून घेण्यासारखा आहे, धर्म कोणताही असो.

त्यांच्या मते जीव देवानं दिलेला आहे, आपण त्याचे मालक नाही, राखणदार आहोत. म्हणून मुद्दाम मरण आणणं पाप. सुई देऊन मारणं पाप, आणि मरावं म्हणूनच उपाशी ठेवणं हेही पाप. पण याचा अर्थ शेवटच्या श्वासापर्यंत सगळी यंत्रं लावलीच पाहिजेत असा नाही. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नावाचे धर्मपंडित होते. आजाऱ्याला घास गिळताना फार यातना होत असतील तर न खाणं पाप नाही, असं त्यांनी तेव्हाच मांडलं. वैद्यानं कोंबडीसारखं महाग अन्न सांगितलं तरी ते खाल्लंच पाहिजे अशी सक्ती नाही, हेही सांगितलं.

१९५७ ला पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढं हाच नियम ठेवला. साधा उपचार घ्यावा. असाधारण, म्हणजे आजाऱ्याला आणि घरच्यांना न पेलणारा उपचार घेणं बंधनकारक नाही. दुखणं कमी करायला औषध देता येतं, त्यानं आयुष्य थोडं कमी झालं तरी, मात्र मारायचा हेतू नसावा. १९८० ला व्हॅटिकननं हे पुन्हा लिहून काढलं. २००५ ला पोप दुसरे जॉन पॉल शेवटच्या दिवसांत परत दवाखान्यात गेले नाहीत, आपल्या खोलीतच राहिले. अशा वेळी धर्मगुरू येतो, आजाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना तेल लावून प्रार्थना करतो.

या मापानं बघितलं तर ८७ व्या वर्षी विनोबांनी औषध सोडलं, यावर कॅथलिक माणूसही फारसा आक्षेप घेणार नाही. पण घशाखाली जात असताना पाणी सोडणं, हे त्याला पटणार नाही. पाणी हे औषध नसून सेवा आहे, असं तो म्हणेल. विनोबांना मानणारा म्हणेल, की पिकलेलं फळ देठापासून सुटतं, तसं ते सुटले. हा फरक खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होईल. चांडीलला औषध घेणं बरोबर होतं. बरा होणारा आजार असेल तर उपचार घ्यायचा.

आपल्या घरातली गोष्ट

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा कुठंही जा, चित्र एकच आहे. म्हातारं माणूस पडलं की नांदेडला न्या म्हणतात. आयसीयू, व्हेंटिलेटर, रोजचं बिल. हळदीचे पैसे जातात, सोयाबीनचे जातात, मग एकर-दोन एकर गहाण. डॉक्टरनं आशा नाही असं सांगितलं तरी पोरगा घरी आणायला धजत नाही, कारण भावकी काय म्हणेल. दुसरीकडं काही घरात उलटं होतं. साध्या सलाईननं उठणारी म्हातारी वय झालं म्हणून खाटेवर तशीच पडून राहते. दोन्हीकडं तिला कुणी विचारत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे. आपल्या भागात औषध पिलं म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण ते फवारणीचं असतं. विनोबांचं उदाहरण त्यासाठी नाही. कर्जानं, निराशेनं जीव देणं वेगळं आणि भरल्या आयुष्याच्या शेवटी उपचार थांबवणं वेगळं. घरातलं माणूस पोरांवर ओझं नको म्हणून जेवण टाकत असेल, तर ते वैराग्य नसतं, दुःख असतं. त्याच्याजवळ बसावं आणि डॉक्टरला दाखवावं.

कायदाही आता स्पष्ट आहे. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ च्या निकालात सांगितलं, की बरं होण्याची आशा नसेल तर जीव लांबवणारा उपचार थांबवता येतो. सज्ञान माणूस शुद्धीत असताना आपली इच्छा लिहून ठेवू शकतो. २०२३ ला हे सोपं केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. आपल्यावतीनं कुणी निर्णय घ्यायचा, त्यांची नावंही लिहिता येतात. कागद नसेल तर घरच्यांची संमती आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत लागतं. सुई देऊन मारायला मात्र परवानगी नाही, ती मागूही नये.

विनोबांच्या वेळी असा कागद नव्हता. पण त्यांची इच्छा काय आहे हे भोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण ते स्वतः बोलले होते. आपल्याकडं नळी घशात गेल्यावर इच्छा विचारायची आठवण होते, आणि तोपर्यंत बोलता येत नसतं. येत्या दिवाळीला सगळी भावंडं घरी येतील तेव्हा आई-बापाजवळ बसा. दवाखाना कुठपर्यंत करायचा, शेवटी घरी यायचं का, निर्णय कुणी घ्यायचा, एवढं विचारून घ्या. आणि ते जे सांगतील ते सगळ्यांसमोर ऐका, म्हणजे पुढं भावाभावात भांडण राहणार नाही.