पडद्यावरचे आणि खरे डॉ. कोटणीस

‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या १९४६ सालच्या चित्रपटाचे नाव घरातील जुन्या मंडळींकडून तुम्ही ऐकले असेल. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी स्वतः डॉक्टरांची भूमिका केली आणि जयश्री यांनी त्यांच्या चिनी पत्नीची. संगीत दिले होते वसंत देसाई यांनी. ते आपल्या पेडण्याच्या शेजारचे, कुडाळकडील सोनवडे गावचे. युद्धाच्या धुमाळीत फुललेली ही प्रेमकथा कल्पनेतली नव्हती. म्हणून या अंकात खऱ्या डॉक्टरांची ओळख करून देत आहोत.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. त्या काळी जपानने चीनवर आक्रमण केले होते. चीनने मदत मागितली, तेव्हा राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीने रवाना केले. त्यांत कोटणीस होते. चीनमध्ये असतानाच त्यांना वडील गेल्याची बातमी कळली, तरीही ते घरी परतले नाहीत.

ते चिनी भाषा शिकले. १९४० मधील एका लढाईत सलग ७२ तास ते जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. पुढे कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तेथे परिचारिका असलेल्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांनी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन.

चित्रपटात डॉक्टर प्लेगच्या साथीशी झुंजतात आणि त्याच रोगाला बळी पडतात. खरा शेवट इतका नाट्यमय नव्हता. त्यांना अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे झटके येत. दुखणे अंगावर काढून ते काम करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, गेले. बाळ तेव्हा चार महिन्यांचेही नव्हते. पथकातील बाकीचे चौघे मायदेशी परतले, कोटणीस मात्र परतले नाहीत.

आम्हाला वाटते, खरी हकिकत चित्रपटापेक्षा मोठी आहे. फेफरे येणाऱ्या माणसाकडे आजही काहीजण भीतीने पाहतात, त्याला कमी लेखतात. कोटणीसांनी तोच आजार सोसून शेकडो जीव वाचवले. आपल्या वर्गात असा कोणी सोबती असेल तर त्याला दूर बसवू नका. झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि लगेच शिक्षकांना हाक मारा. डॉक्टरांचे स्मरण याहून चांगले कोणते?