आयपीएलच्या ८५ वर्षं आधी इंदूरच्या होळकरांनी नागपूरच्या एका गड्यावर पैसा लावला होता

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाहमध्ये आयपीएलचा लिलाव झाला. ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले. बिहारच्या १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीसाठी राजस्थान रॉयल्सनं १ कोटी १० लाख मोजले.

लगेच वाद सुरू. वाळूज एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर उभं राहा नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा, विषय एकच. एवढा पैसा एकाच पोराला? अजून त्यानं केलंय काय? आणि नाही चालला तर?

अमेरिकेत बास्केटबॉलच्या टीमबद्दल लोक हेच भांडतात. नव्या दमाचा पोरगा दिसला की त्याला टॉपचा पगार देऊन बांधून ठेवायचं, की आणखी दोन वर्षं थांबून बघायचं?

पण हा प्रश्न काही आजचा नाही. इंदूरच्या होळकर दरबारापुढं तो १९२३ मध्येच आला होता, आणि ज्या खेळाडूमुळं आला त्याचं नाव होतं कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच सी. के. नायडू. भारताच्या कसोटी संघाचे पहिले कॅप्टन.

तर सुरुवात होते नागपुरातून

३१ ऑक्टोबर १८९५ ला नागपुरात सीकेंचा जन्म झाला. घर तेलुगू, पण कुटुंब नागपुरातच स्थायिक झालेलं. घरात वकिली होती, खाऊन-पिऊन सुखी होते. शाळेपासूनच पोराला क्रिकेटचा नाद. उंचापुरा, काटक बांधा आणि बॅट घुमवायची जबर हौस.

तेव्हा देशातलं सगळ्यात मोठं क्रिकेट मुंबईत व्हायचं. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा चार संघांची ती चौरंगी स्पर्धा. धर्मावरून संघ पडायचे, आणि सामना बघायला अख्खी मुंबई लोटायची.

१९१६ मध्ये सीके हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध पहिल्यांदा उतरले. वय २१. संघाच्या ७९ धावांत ७ विकेट गेलेल्या. नवखा पोरगा अशा वेळी काय करतो? गुपचूप उभा राहतो. सीकेंनी पहिले तीन चेंडू तटवले आणि चौथा थेट सीमेपार. मोठ्या क्रिकेटमधली त्यांची पहिली धाव अशी षटकारानं आली.

तिथून पुढं नायडू बॅटिंगला येणार म्हटलं की मैदान भरायला लागलं.

पण पोटाचं काय?

इथं त्या काळचा व्यवहार समजून घ्यायला लागतो. तेव्हा बोर्ड नव्हतं, करार नव्हते, मॅच फी नव्हती. क्रिकेट खेळून घर चालत नव्हतं.

त्यात इंग्लंडातून आलेली एक रीत होती. हौस म्हणून खेळणारा तो जंटलमन, पैसे घेऊन खेळणारा तो नुसता प्लेअर. इंग्लंडात दोघांच्या ड्रेसिंग रूमसुद्धा वेगळ्या असायच्या. हा भेद अधिकृतपणे संपायला १९६२ उजाडलं. म्हणजे उघड पैसे घेतले की माणसाची पत खाली.

संस्थानिकांनी यावर तोडगा काढला होता. खेळाडूला खेळाचे पैसे द्यायचेच नाहीत. त्याला दरबारात किंवा सैन्यात हुद्दा द्यायचा. कागदावर तो अधिकारी, प्रत्यक्षात त्याचं मुख्य काम क्रिकेट. पगार चालू, मान शाबूत आणि सरावाला वेळच वेळ.

१९२३ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी सीकेंना हेच देऊ केलं. नागपूर सोडून इंदूरला या, होळकर सैन्यात कॅप्टनचा हुद्दा घ्या आणि क्रिकेट खेळा.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १९२३ मध्ये भारताला कसोटीचा दर्जा नव्हता. रणजी करंडक नव्हता. सीकेंची सगळ्यात गाजलेली खेळी अजून व्हायची होती. होळकरांनी पैसा लावला तो झालेल्या कामावर नाही, होणाऱ्या कामावर.

आणि तो पैसा आला कुठून, हेही विसरून चालणार नाही. तो होता संस्थानाच्या खजिन्यातला, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या रयतेचा. आज फ्रँचायझीचा मालक आपल्या खिशातून बोली लावतो, तोटा झाला तर त्याचा. इंदूरच्या शेतकऱ्याला मात्र कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळं हा पैसा वाया गेला असता तर तो नुसता महाराजांचा शौक ठरला असता.

मालकच गादीवरून गेला

त्यातच सीकेंना इंदूरला येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच मोठा बॉम्ब पडला. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत असलेली मुमताज बेगम इंदूर दरबार सोडून आलेली होती. हल्लेखोरांचे धागे इंदूरपर्यंत गेले. इंग्रज सरकारनं महाराजांपुढं दोन पर्याय ठेवले, चौकशी आयोग नाहीतर गादी सोडणं. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली.

ज्यानं नोकरी दिली तोच गेला. नवे महाराज यशवंतराव तेव्हा १७ वर्षांचे. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. अशा वेळी खर्चाला कात्री लागते आणि पहिली कात्री लागते ती शौकाच्या खात्याला. पण सीके इंदूरचेच राहिले.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी ती खेळी झाली.

१५३ धावा आणि ११ षटकार

१९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एमसीसी संघ भारतात आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाशी सामना होता. एमसीसीनं ३६३ धावा केल्या. त्यात गाय अर्लनं षटकारांची आतषबाजी करत १३० ठोकल्या.

उत्तरादाखल १ डिसेंबरला सीके उतरले आणि त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. १३ चौकार, ११ षटकार. बातमी पसरली तशी माणसं हातातली कामं टाकून मैदानाकडं धावली, आसपासच्या झाडांवर आणि गच्चीवर चढून बसली. एमसीसीनं पुढं सीकेंना चांदीची बॅट भेट दिली.

या खेळीचं मोल धावांपेक्षा मोठं होतं. भारतातली माणसं आपल्या बरोबरीनं खेळू शकतात, हे इंग्लंडच्या क्रिकेटवाल्यांनी डोळ्यांनी बघितलं. दोन वर्षांत, डिसेंबर १९२८ मध्ये बीसीसीआय उभी राहिली. आणि २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला.

त्या दौऱ्याचे कॅप्टन होते पोरबंदरचे महाराज. कॅप्टन राजघराण्यातलाच हवा, असा तेव्हाचा रिवाज. पण कसोटीच्या वेळी महाराज बाजूला झाले, उपकप्तान असलेले लिंबडीचे राजपुत्र दुखापतीमुळं खेळणार नव्हते, आणि नेतृत्व आलं सीकेंकडं. क्षेत्ररक्षण करताना हाताला लागलं होतं, तरी पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. भारत १५८ धावांनी हरला, पण सुरुवातीला इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ करून ठेवली होती.

अख्ख्या दौऱ्यात सीकेंनी प्रथम श्रेणीत १६१८ धावा केल्या आणि ६५ विकेट घेतल्या. १९३३ मध्ये विस्डेननं त्यांना वर्षातल्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत निवडलं.

म्हणजे होळकरांचा पैसा वसूल झाला का? नाव झालं, पण खरी वसुली पुढं आहे.

एका गड्यासोबत टीम आली

सीके कडक शिस्तीचे होते. वेळेला वेळ, फिटनेस म्हणजे फिटनेस. इंदूरचं मैदान त्यांनी शाळेसारखं चालवलं.

इंदूरचाच एक पोरगा त्यांच्या नजरेस पडला, सय्यद मुश्ताक अली. सीकेंनी त्याला हाताशी धरून घडवला. याच मुश्ताक अलींनी १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक ठोकणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला. आज देशातली टी-२० स्पर्धा त्यांच्याच नावानं खेळवतात.

यशवंतराव मोठे झाले, १९३० मध्ये पूर्ण अधिकार हाती आले आणि त्यांनीही क्रिकेटवरचा हात आखडता घेतला नाही. १९४१ च्या मोसमापासून रणजीत होळकर नावाचा संघ दिसायला लागला. मग चंदू सरवटे आले, हिरालाल गायकवाड आले, मुंबईचे खंडू रांगणेकर आले. पुण्यात नाबाद ४४३ धावा करणारे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकरही होळकरकडून खेळले. युद्धामुळं सैनिक म्हणून महूला असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा होळकरची कॅप घालून उतरला.

कॉम्प्टनचा एक किस्सा सांगितला जातो. १९४५ च्या रणजी फायनलला एका व्यापाऱ्यानं त्याला शतकापुढच्या प्रत्येक धावेला पैसे कबूल केले. कॉम्प्टननं नाबाद २४९ केल्या. सामना संपला तेव्हा व्यापारी तातडीच्या कामाचं निमित्त करून गायब झाला होता. आणि तो सामना होळकर हरले.

पैसा टाकला की कप येतोच असं नाही, याचाही पुरावा याच संघाकडं आहे. पुढच्या मोसमात सीकेंनी वयाच्या पन्नाशीत फायनलला बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या आणि होळकर पहिल्यांदा रणजी जिंकले. पण लगेच पुढच्या वर्षी गायकवाडांच्या बडोद्यानं परतफेड केली. सांगलीच्या विजय हजारेंनी आणि गुल महंमदनं ५७७ धावांची भागीदारी केली आणि होळकर एक डाव ४०९ धावांनी हरले. मराठी दरबार दोन, खजिने दोन, स्टार दोन्हीकडं.

तरीही एकूण हिशेब बघा. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ मोसमांत होळकर १० वेळा फायनलला पोहोचले आणि ४ वेळा जिंकले. सीकेंचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं. १९५१-५२ च्या फायनलला दत्तू फडकरांचा बाउन्सर तोंडावर बसून त्यांचे दात पडले, तरी गडी मैदान सोडून गेला नाही, असं आजही सांगतात.

मग माशी शिंकली कुठं?

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. दरबार गेला, सैन्य गेलं, हुद्दे गेले. संघ आणखी काही वर्षं जुन्या पुण्याईवर चालला. १९५४-५५ ला मद्रासकडून फायनल हरला आणि होळकर हे नाव रणजीतून पुसलं गेलं. त्याचा आधी मध्य भारत झाला, नंतर मध्य प्रदेश.

आणि त्या मध्य प्रदेशला रणजी जिंकायला २०२२ उजाडलं. बंगळुरूत मुंबईला हरवून तो कप आला तेव्हा कोच होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. होळकरांच्या शेवटच्या कपानंतर ६९ वर्षांनी.

म्हणजे चूक स्टारला पगार देण्यात नव्हती. चूक ही होती की सगळा डोलारा एकाच तिजोरीवर उभा होता. मुंबईत तसं झालं नाही. तिथं क्लब होते, शाळांच्या स्पर्धा होत्या, आणि पुढं टाटा, एसीसी, निरलॉन, मफतलाल अशा कंपन्यांनी आणि बँकांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. एका मालकानं हात काढला तरी दुसरा होता.

सीके स्वतः मात्र थांबले नाहीत. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याच मोसमात वयाच्या ६१ व्या वर्षी ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळत होते. १९६३-६४ मध्ये, ६८ व्या वर्षी, महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या संघाकडून ते शेवटचा प्रथम श्रेणी सामना खेळले. मैदान होतं नागपूरचं.

१४ नोव्हेंबर १९६७ ला इंदुरात त्यांचं निधन झालं. कसोटी सामने खेळले फक्त ७, धावा ३५०. नुसत्या या आकड्यांवर आज कोणी त्यांच्यावर मोठी बोली लावली नसती.

पण १९२३ मध्ये इंदूरनं बोली लावली ती फक्त धावांवर नव्हती. त्या पगारातून एका माणसाला पोटाची चिंता न करता खेळता आलं. त्याच्यामागून मुश्ताक आला, संघ आला, चार कप आले. त्यामुळं पुढच्या लिलावात एखाद्या पोरावर कोटींची बोली लागली, तर त्यानं पहिल्या सीझनला किती धावा केल्या एवढंच बघू नका. पाच वर्षांनी त्याच्या आजूबाजूला टीम उभी राहिली का, आणि मालकानं हात काढला तर ती टिकेल का, हे बघा. पैसा वसूल झाला की नाही ते तेव्हा कळतं.