फी भरली, शाळा कोणाची ?

आमच्या शहरांतील पेढीवाल्यांत व पांढरपेशांत एक समजूत दृढ होऊन बसली आहे, कीं मुलाची फी भरली म्हणजे शाळेशीं आपला व्यवहार पुरा झाला. ज्या रयतेजवळ फी द्यावयास पैका नव्हता, तिच्याच हातून शाळा उभ्या करवून घेणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचें चरित्र अशा वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कुंभोज येथें झाला. शिक्षण कोल्हापुरास, तेंहि बेताचेंच. पुढें ओगले व किर्लोस्कर ह्यांच्या कारखान्यांचा माल खपविण्याच्या निमित्तानें ते गांवोगांव हिंडले, आणि खेड्यांतील अज्ञान त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. (व्यापाऱ्याची फिरती अशीहि फळास येते !) ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाडजवळील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ सालीं ती साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहांत अस्पृश्य मानलेल्या जातींसह सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवूं लागलीं. त्यांच्या पोटासाठीं पत्नी लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रहि गेलें. १९३० सालीं त्या निवर्तल्या.

परंतु एका घरच्या सोन्यावर संस्था किती दिवस चालणार ? भाऊरावांनीं मुष्टिफंड काढला. गृहिणीनें रोज मूठभर धान्य बाजूस काढावयाचें, तें संस्थेनें न्यावयाचें. एका मुठीची किंमत ती काय ! पण कायद्याच्या परिभाषेंत बोलावयाचें तर ती बाई त्या दिवसापासून शाळेची भागीदारीण झाली, आणि भागीदारास हिशेब विचारण्याचा हक्क असतो. फी भरणारा केवळ गिऱ्हाईक राहतो.

शिक्षकांविषयीं त्यांची दृष्टि तशीच होती. १९३५ सालीं त्यांनीं साताऱ्यास शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज उघडलें. वसतिगृहांत अंगमेहनत करून शिकलेले तरुण पुढें गांवकऱ्यांच्या साह्यानें खेड्यांतून शाळा चालवूं लागले. एकाच ताटवाटींत वाढलेल्या अशा शिक्षकांस सहकार्याचा निराळा पाठ द्यावा लागला नाहीं.

१९४० सालीं महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें. १९४८ सालीं भाऊरावांच्या स्पष्ट टीकेचा राग येऊन मुंबई सरकारनें अनुदान थांबविलें. केवळ सरकारी हुंडीवर चालणारी पेढी अशा वेळीं दिवाळें काढते. रयतेची संस्था मोडली नाहीं, आणि पुढें अनुदानहि पुन्हां सुरू झालें. ९ मे १९५९ रोजीं भाऊराव वारले.