झाडं वाचवायला फवारणी केली, मेले मात्र पक्षी. याचा जाब विचारणाऱ्या रेचल कार्सनची गोष्ट

साल १९५४. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या ईस्ट लान्सिंगमध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचं मोठं आवार आहे. त्या काळी तिथे एल्मच्या उंच झाडांची गर्द सावली होती. पण एल्मला एक बुरशीचा रोग लागला होता आणि तो एका झाडावरून दुसऱ्यावर न्यायचं काम करत होता सालीत राहणारा एक बारीकसा भुंगेरा. भुंगेरा मारला की रोग थांबेल, असा सरळ हिशेब करून आवारात डीडीटीची फवारणी सुरू झाली. पुढच्या वर्षी गावानेही फवारणी सुरू केली. डासांसाठी आणि पतंगांसाठी वेगळी फवारणी चालू होतीच.

तिकडे रॉबिन नावाचा पक्षी दिसला की वसंत आला असं समजतात. १९५५ च्या वसंतात रॉबिन नेहमीसारखे आवारात परतले. आणि थरथर कापत हिरवळीवर मरून पडू लागले.

युनिव्हर्सिटीतले पक्षीतज्ज्ञ जॉर्ज वॉलेस यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. एक मादी २१ दिवस अंड्यांवर बसून राहिली. एरवी १३ दिवसांत पिल्लं बाहेर येतात, हिच्या अंड्यांतून काहीच आलं नाही. १९५७ च्या जूनपर्यंत अख्ख्या आवारात त्यांना रॉबिनचं फक्त एक पिल्लू सापडलं. त्याच्या पुढच्या वर्षी तेही नाही.

या नोंदी एका पुस्तकातून जगभर पोचल्या. ते पुस्तक लिहिणाऱ्या बाईचं नाव रेचल कार्सन.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ चा, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल गावचा. तीन भावंडांत ती धाकटी. घरची ६५ एकर जमीन होती, पण पैशाची कायम ओढाताण. आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होती. ती रेचलला रानात घेऊन जायची, पक्षी ओळखायला शिकवायची. अकराव्या वर्षी रेचलची पहिली गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. आपण लेखिका होणार हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

कॉलेजला प्रवेशही इंग्रजी साहित्यासाठीच घेतला. पण तिथे मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिकेने जीवशास्त्र असं शिकवलं की रेचलने विषयच बदलला. पुढे जॉन्स हॉपकिन्समधून १९३२ मध्ये प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. पीएचडी करायची होती, पण मंदीचे दिवस आणि घरचा खर्च, यात ती सुटली. १९३५ मध्ये वडील गेले. दोन वर्षांनी मोठी बहीण गेली आणि तिच्या दोन मुलींची जबाबदारीही रेचल आणि तिच्या आईवर आली.

पोटापाण्यासाठी तिने सरकारी मत्स्य विभागात काम धरलं. पहिलं काम होतं समुद्री जीवांवर रेडिओसाठी सात-सात मिनिटांचे ५२ भाग लिहायचं. विज्ञानही येतं आणि लिहिताही येतं अशी माणसं तेव्हाही फारशी नव्हती. १९३६ मध्ये ती परीक्षा देऊन तिथेच कायम झाली आणि १९४९ पर्यंत त्या खात्याच्या सगळ्या प्रकाशनांची मुख्य संपादक बनली.

नोकरी सांभाळून रात्री समुद्रावर लिहिणं चालूच होतं. पहिलं पुस्तक १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, महिनाभरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि पुस्तकाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. दुसरं, म्हणजे १९५१ चं ‘द सी अराउंड अस’, मात्र ८६ आठवडे बेस्टसेलर यादीत राहिलं. मग कार्सन बाईंनी नोकरी सोडली. त्या आता देशातल्या नावाजलेल्या लेखिका होत्या आणि उरलेलं आयुष्य समुद्रावर लिहिण्यात सुखाने गेलं असतं.

तसं झालं नाही, कारण डीडीटी.

डीडीटी त्या काळात जादूची पावडर होती. ते किडे मारतं हे १९३९ मध्ये शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ चं नोबेल मिळालं. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैनिकांना टायफस आणि मलेरियापासून वाचवलं, ही गोष्ट खरीच आहे. युद्ध संपल्यावर तेच औषध शेतात, बागेत, समुद्रकिनाऱ्यावर आणि मुलं खेळतात त्या गल्लीबोळांत मारलं जाऊ लागलं. धूर सोडणारी गाडी आली की पोरं तिच्या मागे धावायची. (पावसाळ्यात आपल्याकडेही धुराच्या गाडीमागे धावलेले बरेच जण हे वाचत असतील.)

सरकारी खात्यात असताना बाईंनी डीडीटीच्या चाचण्यांचे अहवाल पाहिले होते. १९४५ मध्येच त्यांनी रीडर्स डायजेस्टला यावर लेख देऊ केला होता. मासिकाने नकार दिला.

मग १९५८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या ओल्गा हकिन्स नावाच्या मैत्रिणीचं पत्र आलं. ओल्गाने आपल्या दोन एकर जागेत पक्ष्यांसाठी छोटंसं अभयारण्य राखलं होतं. सरकारने डासांसाठी विमानातून फवारणी केली आणि तिच्या अंगणात पक्षी मरून पडले. त्याच सुमारास लाँग आयलंडचे काही रहिवासी सरकारी फवारणीविरुद्ध कोर्टात गेले होते. यावर दुसऱ्या कुणीतरी लिहावं असं बाईंना आधी वाटत होतं. लेखक ई. बी. व्हाइट यांना त्यांनी तसं सुचवलंही. शेवटी स्वतःच लिहायला बसल्या.

पुस्तकाला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत काय काय झालं बघा. भाची नुकतीच वारली होती आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर बाईंनी दत्तक घेतला होता. १९५८ च्या अखेरीस आई गेली. १९६० मध्ये स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, पण तो कर्करोगच आहे हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं नाही. त्या काळी बाईमाणसाला असं सांगत नसत म्हणे! काही महिन्यांनी खरं कळलं तोवर रोग पसरला होता.

आता परत त्या एल्मच्या झाडांकडे येऊ, कारण पुस्तकातला सगळ्यात पटणारा भाग तिथेच आहे.

औषध मारलं झाडाच्या शेंड्याला, मग जमिनीवर चरणारा रॉबिन का मेला? पानांवर बसलेला डीडीटीचा थर पावसाने धुऊन जात नाही. शरद ऋतूत पानं गळतात. तो पाचोळा गांडुळं खातात आणि विष त्यांच्या शरीरात साठत जातं. गांडुळांना त्याचं फारसं काही होत नाही. पण वसंतात रॉबिन येतो तो गांडुळांवरच ताव मारतो. इलिनॉयचे संशोधक रॉय बार्कर यांनी ही साखळी १९५८ मध्ये उलगडून दाखवली होती. ११ मोठी गांडुळं एका रॉबिनला मारायला पुरतात आणि तेवढी तो दहा-बारा मिनिटांत खातो.

बरं, एवढं करून झाडं तरी वाचली का? इलिनॉयमधल्या अर्बाना इथे १९५३ पासून जोरदार फवारणी झाली. सहा वर्षांत तिथल्या युनिव्हर्सिटीच्या आवारातले ८६ टक्के एल्म गेले. याउलट न्यूयॉर्क राज्यातल्या काही शहरांनी साधा मार्ग धरला. रोगट झाड किंवा फांदी दिसली की लगेच तोडायची आणि ते लाकूड जाळून टाकायचं, म्हणजे भुंगेऱ्याला अंडी घालायला जागाच उरत नाही. बफेलोमध्ये अशा साफसफाईने वर्षाला साधारण ०.३ टक्केच झाडं जात होती. या वेगाने तिथले सगळे एल्म संपायला ३०० वर्षं लागली असती.

बाईंचं म्हणणं इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण आजही लोक ते चुकीचं सांगतात. कीटकनाशक कधीच वापरू नका, असं त्या कधीही म्हणाल्या नाहीत. कीटकांमुळे पसरणारे रोग गंभीर आहेत हे त्यांनी पुस्तकातच मान्य केलं आहे. आधी कीड ओळखा, तिचं जगणं समजून घ्या, तिचे नैसर्गिक शत्रू शोधा, आणि औषध लागलंच तर नेमक्या जागी, कमीत कमी मारा, असा त्यांचा आग्रह होता. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात असे पर्याय सांगितले आहेत. ही कल्पना त्यांची एकटीची नव्हती. कॅलिफोर्नियाच्या कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच असं मांडलं होतं की किडीची संख्या ठरावीक मर्यादेबाहेर गेल्याशिवाय फवारणी करूच नये. बाईंनी ते प्रयोगशाळेतून उचलून घराघरात नेलं.

‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकात क्रमशः आलं आणि २७ सप्टेंबरला पुस्तक निघालं. मग रासायनिक कंपन्या तुटून पडल्या. एका कंपनीने छपाईआधीच प्रकाशकाला धमकीवजा पत्र पाठवलं. दुसरीने पुस्तकाचं विडंबन छापून वाटलं. बाई अविवाहित आहेत, भावनाप्रधान आहेत, पीएचडी नाहीत, कम्युनिस्टांना सामील आहेत, असं काय काय बोललं गेलं. बाईंनी पुस्तकाला ५० हून जास्त पानांचे संदर्भ जोडले होते. ते मात्र फार कुणी खोडायला गेलं नाही.

अध्यक्ष केनेडी यांनी आपल्या विज्ञान सल्लागारांना हा विषय तपासायला सांगितलं. १९६३ च्या एप्रिलमध्ये सीबीएस वाहिनीने बाईंवर कार्यक्रम केला, तेव्हा पाचपैकी तीन जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं. कार्यक्रम झालाच. पडद्यावर शांतपणे बोलणाऱ्या या बाईंनी उपचारांमुळे गेलेले केस विगखाली लपवले होते, हे बघणाऱ्यांना माहीत नव्हतं. आजार त्यांनी जाणूनबुजून गुप्त ठेवला होता. कॅन्सर झाला म्हणून सूड उगवतेय, असं म्हणायची संधी त्यांना कुणाला द्यायची नव्हती.

मे महिन्यात सल्लागारांचा अहवाल आला आणि त्याने बाईंचं बहुतेक म्हणणं उचलून धरलं. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. आपल्या घरात आणि अंगणात दुसऱ्याने मारलेल्या विषापासून सुरक्षित राहणं हा नागरिकाचा हक्क आहे, ही त्यांची मांडणी होती. १४ एप्रिल १९६४ ला त्या गेल्या. वय ५६. रॉजर तेव्हा बारा वर्षांचा होता.

१९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि १९७२ मध्ये तिने डीडीटीचा शेतीतला वापर बंद केला. कार्सन यांच्यामुळे मलेरियाने लाखो मेले, असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. पण ती बंदी अमेरिकेपुरती होती. २००१ च्या स्टॉकहोम करारातही मलेरियासारख्या रोगांसाठी डीडीटीची सूट ठेवली आहे. भारतात तर ते पुढेही बनत आणि वापरलं जात राहिलं, अगदी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यातही. आणि शेतात ते बेसुमार मारलं की डासांना त्याची सवय होते, मग आजाराच्या वेळी औषध निकामी ठरतं, हेही बाईंनी लिहून ठेवलंच होतं.

त्यांच्या म्हणण्याचा शाळेच्या मैदानावर झालेला परिणाम बघायचा तर कॅलिफोर्नियात जावं लागेल. तिथे २००० साली शाळांसाठी खास कायदा झाला. आधी किडीचं कारण दूर करायचं, म्हणजे भिंतीच्या फटी बुजवायच्या, कचरापेट्या झाकायच्या, साचलेलं पाणी काढायचं, आणि त्याने भागलं नाही तरच औषध, तेही कमीत कमी घातक, यावर त्या कायद्याचा भर आहे. वर्षभरात कोणती औषधं वापरली जाऊ शकतात हे शाळेने पालकांना दरवर्षी लेखी कळवायचं असतं. मुंग्यांसाठी एखाद्या फटीत जेल भरायचं असेल तर फलकाची गरज नाही. पण मैदानावर फवारणी करायची असेल तर २४ तास आधी औषधाच्या नावासकट फलक लावावा लागतो आणि फवारणी झाल्यावर ७२ तास तो काढता येत नाही.