सिनेमाच्या आधी दादासाहेब फाळके रंगांचा धंदा करायचे!

मुरुड-जंजिऱ्याचा एखादा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो मोबाईलमधल्या ॲपवर टाका. काही सेकंदांत समुद्र निळा आणि माड हिरवे होतात. काम घरबसल्या होतं, पण ॲप रंगांचा फक्त अंदाज लावतं.

सव्वाशे वर्षांपूर्वी काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमधून खरे रंग कागदावर उतरवणारा एक माणूस आपल्याकडे होता. त्याचं नाव तुम्हाला वेगळ्याच कारणाने माहीत आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

जन्म 30 एप्रिल 1870, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथले प्रमुख गज्जर यांनी त्यांना रतलामला पाठवलं, तीनरंगी ब्लॉक बनवायला शिकण्यासाठी.

हे तीनरंगी ब्लॉक म्हणजे काय?

मूळ रंगीत चित्राचे तीन फोटो घ्यायचे. एक लाल काचेतून, एक हिरव्या आणि एक निळ्या. तिन्ही निगेटिव्ह काळ्या-पांढऱ्याच. प्रत्येकीवरून बारीक ठिपक्यांचा एक ब्लॉक बनवायचा आणि एकाच कागदावर पिवळी, लाल, निळी शाई एकावर एक छापायची. ठिपके नेमके जुळले की मूळचे रंग परत येतात. जरा सरकले की चित्र बिघडलं.

हातात एवढी कला असूनही आयुष्य सोपं नव्हतं. गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेलं. कॅमेरा माणसाची शक्ती शोषतो, अशी लोकांची समजूत होती, त्यामुळे पुढे बडोद्यातही गिऱ्हाईक फिरकेना. मग त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. नंतर लोणावळ्यात स्वतःचा छापखाना टाकला. तो पुढे दादरला आला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते 1909 मध्ये जर्मनीला गेले.

आणि 1911 मध्ये भागीदाराशी बिनसलं. फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले.

त्याच वर्षी त्यांनी येशू ख्रिस्तावरचा सिनेमा पाहिला आणि वेडच लागलं. सतत सिनेमे पाहून डोळे जवळजवळ गेले, उपचारांनी वाचले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते 1912 मध्ये लंडनला गेले आणि तंत्र शिकून आले.

पुढचं काम दादरच्या घरातच सुरू झालं. पत्नी सरस्वतीबाई अंधारात फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या, फिल्म धुवायच्या. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. पुढे नाशिकला कंपनी निघाली, बोलपट आल्यावर मूकपटांचा काळ सरला. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्येच फाळके गेले.

रंगीत छपाईत मुरलेल्या या माणसाला आपण ओळखतो ते ब्लॅक अँड व्हाइट सिनेमासाठी. तारामतीच्या साडीचा रंग त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, पण तो फिल्मवर उतरला नाही. आज 'राजा हरिश्चंद्र'मधलं दृश्य ॲपवर टाकलं तर साडी रंगीत होईलही. पण तो रंग ॲपचा असेल, फाळक्यांनी पाहिलेला नाही.