शिकवणीच्या गिन्या आणि गुरूविना फ्रेंच : जोसेफ प्रिस्टले यांचे जीवन

प्राणवायूचा शोध कोणी लावला, असे विचारले तर आपल्या वसतिगृहातील विद्यार्थी जोसेफ प्रिस्टले हे नाव चटकन सांगतात. परंतु प्रिस्टले हे पेशाने शास्त्रज्ञ नव्हते, हे त्यांच्यापैकी थोड्यांना ठाऊक असते. ते धर्मोपदेशक होते, शाळामास्तर होते आणि आयुष्याची अनेक वर्षे शिकवण्या करून त्यांनी आपल्या तुटपुंज्या प्राप्तीला जोड दिली होती. फ्रेंच भाषा त्यांनी कोणत्याही शिक्षकाविना आत्मसात केली होती. आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे प्रयोगनळीतील वायूपेक्षा त्या प्रयोगामागे उभे असलेले कष्ट आम्हाला अधिक बोलके वाटतात. स्मरणिकेच्या निमित्ताने तेच येथे मांडत आहोत.

प्रिस्टले यांचा जन्म मार्च 1733 मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, लीड्स शहराजवळ झाला. वडील लोकरी कापडावर अखेरचे संस्कार करणारे कारागीर. सहा भावंडांत जोसेफ थोरले. ते सहा वर्षांचे असताना आई वारली. पुढे निपुत्रिक आणि सुस्थितीतील आत्याने त्यांचा सांभाळ केला. आत्याच्या घरी निरनिराळ्या मतांच्या धर्मोपदेशकांचा राबता असे. त्यांच्या चर्चा ऐकत हा मुलगा वाढला. शाळेत लॅटिन व ग्रीक आणि सुट्ट्यांत हिब्रू, असा त्याचा अभ्यास चाले. मात्र जिभेत जन्मजात अडखळणे होते, ते शेवटपर्यंत पूर्णपणे गेले नाही.

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. छातीचा विकार जडला असावा, अशी घरच्यांना धास्ती वाटू लागली. धर्मोपदेशक होण्याचा बेत सोडून त्यांना पोर्तुगालमधील लिस्बन येथे एका व्यापारी पेढीवर पाठवावे, असे ठरले. पेढीवर परक्या भाषा लागणार म्हणून त्या आजारी मुलाने फ्रेंच, इटालियन आणि जर्मन या तीन भाषा गुरूविना शिकायला घेतल्या. लवकरच व्यापार करणाऱ्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकाची फ्रेंच व जर्मन पत्रे ते भाषांतरित करू लागले आणि त्यांची उत्तरेही लिहू लागले. पुढे प्रकृती सुधारली, लिस्बनचा प्रवास रद्द झाला. पण शिकलेली भाषा काही रद्द झाली नाही.

उच्च शिक्षणाचा प्रश्न मात्र बिकट होता. प्रिस्टले यांचे घराणे राज्यमान्य चर्चशी मतभेद असणाऱ्या डिसेंटर पंथीयांचे. ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेताना आणि केंब्रिजमध्ये पदवी घेताना राज्यमान्य चर्चची तत्त्वे मान्य असल्याची स्वाक्षरी करावी लागे. ज्याला ती मान्य नाहीत, त्याला तेथे स्थान नव्हते. या बहिष्काराची तुलना आपल्याकडील अस्पृश्यतेशी करता येणार नाही. तो विटाळ नव्हता. तरीही जन्माने मिळालेल्या पंथामुळे विद्येचे दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. डिसेंटरांनी त्यावर उपाय म्हणून स्वतःच्या विद्यासंस्था उभारल्या. त्यांपैकी डॅव्हेन्ट्री येथील संस्थेत 1752 मध्ये प्रिस्टले दाखल झाले. तेथे प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून वाद करण्याची मोकळीक होती.

1755 मध्ये सफोक परगण्यातील नीडहॅम मार्केट या लहान गावी त्यांना उपदेशकाची जागा मिळाली. वर्षाला 40 पौंडांचे आश्वासन होते, प्रत्यक्षात हाती सुमारे 30 पौंडच पडत. राहण्या-जेवण्यालाच 20 पौंडांच्या आसपास खर्च होई. त्यातच ख्रिस्ती त्रैक्यावर या तरुणाचा विश्वास नाही, ही गोष्ट मंडळींच्या ध्यानी आली. उपासनेला येणारे कमी झाले. आत्याकडून येणारी मदतही थांबली. तेव्हा प्रिस्टले यांनी शाळा काढण्याचे जाहीर केले. तिमाहीला अर्धी गिनी फी घेऊन अभिजात भाषा व गणित शिकवू, वर्षाला 12 गिन्यांत मुलांना घरी ठेवून घेऊ, अशी ती योजना होती. एकही विद्यार्थी आला नाही. पाखंडी मास्तराच्या हाती मुले कोण सोपवणार?

येथे क्षणभर थांबले पाहिजे. शिकवण्या मिळवण्याचा सोपा मार्ग त्यांच्यासमोर होता. आपली मते गिळून टाकली असती, लोकांना रुचेल तेच बोलले असते, तर मुलेही आली असती आणि गिन्याही. प्रिस्टले यांनी तसे केले नाही. त्यांनी मत बदलण्याऐवजी विषय बदलला. पृथ्वीगोल आणि खगोल यांचा उपयोग कसा करावा, यावर प्रौढांसाठी सुमारे बारा व्याख्यानांची माला त्यांनी अर्ध्या गिनीत सुरू केली. भूगोलाला पाखंड चिकटत नाही! दहा श्रोते मिळाले. त्या पैशातून गोलांची किंमत वसूल झाली आणि वर थोडेसे उरले. उत्पन्न किरकोळच, पण त्यासाठी त्यांनी मनाविरुद्ध एक शब्दही उच्चारला नव्हता.

1758 मध्ये ते चेशायर परगण्यातील नँटविच येथे गेले. तेथे त्यांची शाळा चांगली चालली. सुमारे 30 मुलगे आणि स्वतंत्र खोलीत पाच-सहा मुली शिकत. सकाळी 7 ते दुपारी 4 शाळा, मध्ये जेवणाची एक तासाची सुट्टी. शाळा सुटली की गावातील एका नामांकित वकिलाच्या घरी संध्याकाळी 7 वाजेपर्यंत शिकवणी. सणावाराचे दिवस सोडले तर मोठ्या सुट्ट्या नव्हत्या. दिवसाचे अकरा-बारा तास केवळ शिकवण्यात जात.

या जोडउत्पन्नाचे त्यांनी काय केले? काही पुस्तके घेतली. हवा काढून घेणारा एक लहान पंप आणि एक विद्युतयंत्र विकत घेतले. ती यंत्रे त्यांनी कपाटात बंद करून ठेवली नाहीत. वरच्या वर्गातील मुलांना ती चालवायला आणि नीट राखायला शिकवले. मुले आपल्या पालकांना व पाहुण्यांना प्रयोग करून दाखवू लागली. आमच्या मते प्रिस्टले यांच्या वैज्ञानिक जीवनाचा पाया येथे घातला गेला. तो कोणत्याही राजाश्रयावर उभा नव्हता, संध्याकाळच्या शिकवणीवर उभा होता.

1761 मध्ये वॉरिंग्टन येथील डिसेंटरांच्या विद्यासंस्थेत ते भाषा व साहित्याचे अध्यापक झाले. पगार वर्षाला 100 पौंड. शिवाय काही विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेण्याचे उत्पन्न. 1762 मध्ये मेरी विल्किन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांची ओळख झाली. मुद्रणालयात राबत वाढलेल्या फ्रँकलिन यांनीही फ्रेंच स्वतःच्या प्रयत्नाने शिकायला घेतली होती आणि तेही 1733 मध्ये, म्हणजे प्रिस्टले यांच्या जन्मवर्षीच. फ्रँकलिन यांच्या प्रोत्साहनाने प्रिस्टले यांनी विद्युतशास्त्राचा विस्तृत इतिहास लिहिला. तो 1767 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डू फे आणि नोले या फ्रेंच संशोधकांच्या कार्याचा परामर्श आहे. आजारपणात व्यापारासाठी शिकलेली भाषा अशी ज्ञानाच्या कामी आली. ग्रंथ पूर्ण होण्याआधीच, 1766 मध्ये, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले होते. ज्यांना विद्यापीठाने दार उघडले नाही, त्यांना विद्वानांच्या सभेत असे स्थान मिळाले.

1773 पासून ते लॉर्ड शेलबर्न यांच्याकडे ग्रंथपाल म्हणून राहिले. 1 ऑगस्ट 1774 रोजी त्यांनी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले. त्यातून जो वायू निघाला, त्यात मेणबत्ती अत्यंत प्रखरपणे जळू लागली. हाच पुढे प्राणवायू ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेलबर्न यांच्यासोबत ते पॅरिसला गेले. तेथे रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांच्या घरी भोजनप्रसंगी त्यांनी आपला प्रयोग सांगितला.

आणि येथेच त्यांची फ्रेंच अडखळली. तोच वायू शेंदरापासूनही मिळतो, हे त्यांना सांगायचे होते. इंग्रजीत शेंदराला लाल शिसे म्हणतात. प्रिस्टले यांनी त्याचे शब्दशः फ्रेंच भाषांतर केले. जमलेल्या विद्वानांना काही उमगेना. आपल्याकडे पूजेच्या दुकानात जाऊन कोणी लाल शिसे मागितले, तर दुकानदार जसा गोंधळेल तसेच झाले. अखेर माकेर या रसायनज्ञांनी पाहुण्यांच्या मनातील पदार्थ ओळखला आणि त्याचे रूढ नाव सांगितले. पुढे म्हातारपणी हा प्रसंग प्रिस्टले यांनी स्वतःच लिहून ठेवला. आपली फ्रेंच कच्ची होती आणि रसायनशास्त्रातील फ्रेंच संज्ञा आपल्याला ठाऊक नव्हत्या, हे मान्य करायला त्यांना संकोच वाटला नाही.

गुरूविना शिकण्याची मर्यादा या प्रसंगात स्पष्ट दिसते. पुस्तकावरून वाचता येते, पत्र लिहिता येते. पण बाजारातला आणि प्रयोगशाळेतला शब्द माणसांत मिसळूनच कळतो. तरीही मोडक्या भाषेत का होईना, प्रिस्टले बोलले. ते बोलले म्हणून लव्हाझिए यांना नव्या वायूची वार्ता कळली. लव्हाझिए यांनी पुढे प्रयोग करून त्या वायूचे खरे स्वरूप स्पष्ट केले आणि त्याला ऑक्सिजन हे नाव दिले. स्वीडनच्या शीले यांनीही हा वायू स्वतंत्रपणे मिळवला होता. प्रिस्टले मात्र फ्लॉजिस्टनच्या जुन्या कल्पनेला अखेरपर्यंत चिकटून राहिले. धर्माच्या बाबतीत प्रत्येक मत तपासून पाहणारा हा मनुष्य रसायनशास्त्रातील हे एक मत सोडू शकला नाही, हेही सांगितले पाहिजे. गौरव करताना दोष झाकणे हे इतिहासाचे काम नव्हे.

1780 नंतर ते बर्मिंगहॅमला स्थायिक झाले. 1788 मध्ये त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध प्रवचन दिले व ते छापले. फ्रेंच राज्यक्रांतीचा त्यांनी उघड पुरस्कार केला. त्याची किंमत 14 जुलै 1791 रोजी मोजावी लागली. जमावाने त्यांचे घर, ग्रंथसंग्रह, प्रयोगशाळा आणि हस्तलिखिते यांचा विध्वंस केला. ज्या देशाची भाषा ते सोळाव्या वर्षी एकट्याने शिकले, त्या फ्रान्सने 1792 मध्ये त्यांना नागरिकत्वाचा सन्मान दिला. तो त्यांनी स्वीकारला. तेथील राष्ट्रीय सभेची जागा मात्र नाकारली. 1794 मध्ये ते अमेरिकेला गेले व पेनसिल्व्हेनियातील नॉर्थंबरलँड येथे राहिले. तेथून 1799 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात त्यांनी मनुस्मृतीच्या इंग्रजी भाषांतराच्या आधारे जातिव्यवस्थेचेही परीक्षण केले. मोझेसचे नियम श्रेष्ठ ठरवणे हा त्यांचा हेतू होता, हे विसरता येत नाही. तरी नॉर्थंबरलँडसारख्या दूरच्या गावी बसून त्यांनी या प्रश्नाची दखल घेतली, ही नोंद आपण ठेवली पाहिजे. 6 फेब्रुवारी 1804 रोजी त्यांचे निधन झाले. त्या दिवशी सकाळीही ते आपल्या लिखाणातील दुरुस्त्या सांगून लिहवून घेत होते.

विद्यार्थी मित्रांनो, दहावी-बारावीनंतर तुमच्यापैकी अनेक जण आम्हाला विचारतात, की काम करावे की शिकावे? घरची स्थिती पाहता हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. प्रिस्टले यांचे जीवन पाहता एवढेच सांगावेसे वाटते, की काम करावे, त्यात कमीपणा नाही. परंतु त्या कमाईतील निदान एक वाटा पुस्तकासाठी, साधनासाठी बाजूला काढावा. कमाईसाठी आपले मत मात्र गहाण टाकू नये. आणि एखादी भाषा शिकवायला कोणी नसेल, तर ती स्वतः शिकायला घ्यावी. पहिल्यांदा बोलताना शेंदराला लाल शिसे म्हटले जाईल, चार माणसे गोंधळतील. तरी बोलावे. त्या चौघांत योग्य शब्द सांगणारा एखादा माकेर बहुधा असतोच.